‘घाट’ सॅटर्नवर चढवताना : कामाच्या नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

ऑफिसात डबा खाताना सेगा सॅटर्न या नव्वदच्या दशकातल्या जपानी गेम-कन्सोलवरून वाद झाला, त्यातून हे काम अंगावर घेतलं. एक धाकटा सहकारी छातीठोकपणे म्हणाला, “सेगा सॅटर्न बुडाला तो हार्डवेअरमुळे. दोन-दोन प्रोसेसर, आठ-आठ चिपा! कोण त्याच्यावर गेम लिहीत बसणार?” मी म्हटलं, मग त्याच यंत्रावर जपानात हजाराहून जास्त गेम निघाले आणि उत्तर अमेरिकेत अडीचशेच्या आसपास, हे कसं? चिपा तर दोन्हीकडे त्याच. तो गप्प झाला. खरं सांगायचं तर पुढे काय बोलायचं ते मलाही सुचलं नाही.

माझ्याकडे ‘घाट’ नावाचा स्वतः लिहिलेला छोटा गेम आहे. लाल एसटी वरंध घाटातून महाडच्या बाजूला उतरवायची. वळणं, पाऊस, धुकं, समोरून येणारा ट्रक. पहिल्या प्लेस्टेशनसाठी सी भाषेत लिहिला आहे, साधारण सात हजार ओळी, सेकंदाला ३० फ्रेम पळतो. तो आता सॅटर्नवर न्यायचा, जमल्यास नंतर त्याच काळातल्या निन्टेंडो ६४ या कन्सोलवर. प्रत्येक तास वहीत लिहायचा, चार रकान्यांत : कोड, चित्रं-मॉडेल, आवाज आणि यंत्राची हमाली. यंत्र अवघड म्हणजे नेमकं कुठे आणि किती तास अवघड, एवढंच मोजायचं आहे.

माझा आजचा अंदाज लिहून ठेवतो, नंतर पळवाट नको. एकूण ६० तास. त्यातले ४० कोडचे, कारण दुसरा प्रोसेसर डोकं खाणार.

२१ जून, शनिवार

धाकटा भाऊ योकोहामाहून सुट्टीवर आला, बॅगेत सॅटर्न. जुन्या सामानाच्या दुकानात साडेसहा हजार येनला, एका पॅडसकट.

पहिल्याच दिवशी घाण केली. जपानी यंत्र १०० व्होल्टचं. हे मला माहीत होतं, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर विकत आणायचा म्हणून यादीतही लिहिलं होतं. पण वायर मागे आठच्या आकाराची, आपल्या टेपरेकॉर्डरला असते तशी, घरात पडलेली सापडली. हाताने ती लावली आणि बटण दाबलं. टप्प असा आवाज, मग जळका वास. भाऊ म्हणाला, “दादा, चार हजार मैल सांभाळून आणला रे मी.”

उघडून पाहिलं. फ्यूज गेलेला, पुरवठ्याच्या बोर्डावरचा मोठा कपॅसिटर फुगून वर आलेला. तो २०० व्होल्टचा असतो. आपल्याकडचे २३० व्होल्ट एकदिश झाले की सव्वातीनशेच्या घरात जातात, तो बिचारा काय टिकणार. नशीब एवढंच की नुकसान तिथेच थांबलं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून फ्यूज आणि कपॅसिटर ९० रुपये, ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांनी बसवायचे ४०० घेतले, आणि जो आधीच आणायला हवा होता तो ट्रान्सफॉर्मर १,४५०. सहा तास यंत्राच्या हमालीत. अजून कोडची एक ओळ नाही.

असं काम करणाऱ्यांसाठी : जपानी यंत्र घरात आलं की आधी त्याच्या वायरीला लाल चिकटपट्टी गुंडाळा.

२९ जून, रविवार

सॅटर्नला घरी लिहिलेली सीडी थेट चालत नाही. मूळ सीडीच्या बाहेरच्या कडेला एक खास वर्तुळ असतं, ते साध्या रायटरला उमटवता येत नाही. मागच्या खाचेत बसणारी काडतूस (कार्ट्रिज) मागवली, त्यात ‘स्युडो सॅटर्न काई’ हा प्रोग्रॅम आधीच भरलेला होता. तो ही तपासणी ओलांडून देतो. काडतूस २,९०० रुपये. कोऱ्या सीडी मिळायलाच दोन दुकानं फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने माळ्यावरून पन्नासची नळकांडी काढून दिली आणि वर विचारलं, “लग्नाचे फोटो का?”

टीव्ही आईकडचा जुना, पिक्चर ट्यूबचा. पिवळी वायर लावली, चित्र आलं.

कोड जसाच्या तसा नवीन कंपायलरने बांधला. चित्र काढणारा आणि आवाजाचा भाग तात्पुरता गाळला, फक्त बसच्या जागेवर एक चौकोन. चौकोन दिसला, पण बस सुरुवातीलाच नकाशाच्या बाहेर, कुठेतरी अरबी समुद्रात. दीड तास कॅमेऱ्याचं गणित तपासत बसलो. दोष वेगळाच होता. प्लेस्टेशनचा प्रोसेसर आकड्याचा लहान बाइट आधी ठेवतो, सॅटर्नचा एसएच-२ मोठा आधी. माझ्या गेमच्या टप्प्यांच्या (लेव्हलच्या) फायली प्लेस्टेशनच्या क्रमाने लिहिलेल्या, म्हणून प्रत्येक आकडा उलटा वाचला जात होता. फायली तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चार ओळी बदलल्या, बस भोरच्या रस्त्यावर परत आली.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी आणि टेक्स्चर, म्हणजे आकारांवर चिकटवायची चित्रं, कापणं, दिवसभर एवढंच.

इथे खरं घोडं पेंड खायला लागलं. प्लेस्टेशन त्रिकोण काढतं, आणि त्रिकोणाच्या प्रत्येक टोकाला सांगता येतं की चित्राच्या अमुक जागेचा तुकडा इथे बसव. त्यामुळे मी सगळी चित्रं एका २५६ बाय २५६च्या पानावर चिकटवली होती. डांबर, दगडी कठडा, बसची खिडकी, मैलाचा दगड, सगळं एकाच पानावर, लागेल तिथून लागेल तेवढं उचलायचं.

सॅटर्नची व्हीडीपी-१ चिप चौकोन काढते, आणि टोकाला चित्राची जागा सांगण्याची सोयच तिच्यात नाही. एक चौकोन म्हणजे एक अख्खं आयताकृती चित्र, ताणून किंवा वाकडं करून. मुळात ती स्प्राइट, म्हणजे सपाट चित्रं काढणारी चिप, चारही कोपरे हवे तिथे ओढता येतात म्हणून त्रिमितीचं काम करते. एका पानावरून तुकडे उचलणं बंद. मग त्या पानाचे सुटे तुकडे करा, प्रत्येकाची रुंदी आठच्या पटीत ठेवा, आणि मॉडेलमधले सगळे त्रिकोण जोडून चौकोन करा.

मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणांचे चौकोन करायची आज्ञा असते. ती दिली आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहिलं तर कठड्याचे दगड तिरके, बसच्या दाराचा अर्धा भाग चाकाशी जोडलेला. त्या आज्ञेला चित्र कळत नाही, फक्त आकार कळतो. शेजारचे दोन त्रिकोण सपाट दिसले की जोडून टाकते, मग एकावर डांबर असो आणि दुसऱ्यावर गवत. ती आज्ञा रद्द केली आणि सगळं हाताने.

जे त्रिकोण जोडीशिवाय उरतात त्यांचे दोन कोपरे एकाच जागी आणून चौकोन म्हणून खपवावे लागतात. तिथे चित्र चिमटीत धरल्यासारखं गोळा होतं. डोंगराच्या शेंड्यांवर चालून गेलं. बसच्या टपावर फार वाईट दिसलं, म्हणून टप नव्याने बांधला.

आज नऊ तास.

१३ जुलै, रविवार

अजून टेक्स्चरच. रस्त्याचं डांबर मी प्लेस्टेशनवर एका पट्ट्यातून हवं तसं कापून वापरत होतो, इथे प्रत्येक वळणाला वेगळा तुकडा. पांढरी रेघ डावीकडे असलेला, उजवीकडे असलेला, खड्डा असलेला. उलटं करून वापरता येतं, ती सोय चिपमध्ये आहे, तेवढाच दिलासा.

दुपारी जागा संपली. व्हीडीपी-१ ची स्वतःची मेमरी ५१२ केबी, त्यातच चित्रं आणि त्यातच काय काढायचं त्या आज्ञा, प्रत्येकी ३२ बाइटच्या. प्लेस्टेशनकडे एक एमबी असते. त्यातून पडद्याच्या दोन प्रती वजा केल्या तरी माझ्याकडे सातशे केबी उरत होते. म्हणजे चित्रं वाढली आणि घर लहान झालं. काडतुसात चार एमबी जास्तीची रॅम आहे, पण ती मुख्य मेमरी. चिप तिथून चित्र उचलत नाही, आधी तिच्या घरात आणून ठेवावं लागतं. जी चित्रं पूर्वी २५६ रंगांत होती ती १६ रंगांत आणली. झाडांचा हिरवा थोडा शेवाळी झाला, पावसाळ्यात खपून जातो.

लोबोटॉमी सॉफ्टवेअर या कंपनीने १९९७ मध्ये क्वेक हा गेम सॅटर्नवर आणला तेव्हा क्वेकचं मूळ इंजिन बाजूला ठेवून स्वतःचं स्लेव्हड्रायव्हर इंजिन वापरलं आणि टप्पे त्याच्यासाठी नव्याने बांधले. हे वाचलं होतं तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला होता. आज बत्तीसावा कठडा कापताना कळलं की त्यांना ते स्वस्त पडलं असणार.

चित्रं-मॉडेलचा रकाना आजअखेर ४४ तास. कोडचा ११.

२० जुलै, रविवार

सगळा टप्पा पडद्यावर. वेग बघून हसू आलं : एका फ्रेमला ९४ मिलिसेकंद, म्हणजे टीव्हीच्या ठोक्याला थांबत थांबत सेकंदाला १० फ्रेम. एसटी घाटात खरीच एवढ्या वेगाने जाते, पण पडदा तेवढा अडखळत नाही.

प्लेस्टेशनच्या प्रोसेसरला शेजारी जीटीई नावाचा गणिती जोडीदार असतो, बिंदू फिरवणं आणि दूरचं लहान करणं तो करतो. सॅटर्नवर हे एसएच-२ लाच करायचं, २८.६ मेगाहर्ट्झवर. गुणाकार-बेरजेची त्याची आज्ञा झकास आहे. भागाकारात मात्र मी फसलो होतो. सी मध्ये मी सरळ भागिलेचं चिन्ह वापरलं होतं, आणि कंपायलर त्याचं रूपांतर एका लांबलचक उपकार्यात करत होता. चिपमध्ये भागाकाराचा वेगळा विभाग आहे. त्यात आकडे टाकायचे आणि ३९ चक्रांनी उत्तर उचलायचं, आणि तोवर प्रोसेसर दुसरं काम करू शकतो. एका बिंदूचा भागाकार लावून दिला की पुढच्या बिंदूचा गुणाकार करायचा, मग उत्तर घ्यायचं. पोळी तव्यावर टाकून दुसरी लाटण्यासारखं. ९४ चे ७१ झाले.

मग आणखी एक स्वतःचीच चूक सापडली. प्लेस्टेशनवर जवळचा रस्ता पाण्यात हलल्यासारखा दिसतो, म्हणून मी जवळच्या पृष्ठभागाचे चार-चार तुकडे करत होतो. तो कोड विचार न करता इकडे आणला होता. सॅटर्नचे चौकोन तसे डुलत नाहीत, त्यांचा वाकडेपणा वेगळ्या जातीचा आणि सौम्य. तुकडे करणं काढलं, फक्त अगदी बंपरजवळच्या रस्त्याला ठेवलं. तिथे अख्खा चौकोन पडद्याबाहेर जाणारा असला तरी चिप त्याचे बाहेरचे ठिपकेही मोजत बसते, म्हणून तुकडे करून बाहेरचे फेकून देणं परवडतं. आता ५८ मिलिसेकंद, १५ फ्रेम.

डूम या गेमच्या सॅटर्न आवृत्तीची गोष्ट या जागी आठवतेच. रेज सॉफ्टवेअरच्या जिम बॅगली यांनी आधी चिपकडून काढून घेणारं इंजिन बनवलं होतं. चित्रं वाकतात म्हणून डूमचे मूळ प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यांनी ते नको म्हटलं, आणि सगळं प्रोसेसरकडून करून घ्यावं लागलं. १९९७ मध्ये आलेला तो गेम रखडत चालायचा, आणि त्याचं खापर यंत्रावर फुटलं.

२ ऑगस्ट, शनिवार

आता तो दुसरा प्रोसेसर. ज्याची सगळ्यांना भीती.

काम वाटलं : पहिला बस आणि वाहतूक सांभाळेल, दुसरा डोंगराचे बिंदू फिरवेल. एका संध्याकाळीत, चार तासांत, लॅपटॉपवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चाललं. इतकं सोपं निघालं की मीच चपापलो.

सीडी लिहिली, खऱ्या यंत्रात घातली. डोंगर थरथरतोय. काही सुळके मागच्या फ्रेमच्या जागेवर, एक सुळका बसच्या आतून आरपार.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीपौर्णिमा. बहीण येईपर्यंत सकाळचे पाच तास, ती गेल्यावर रात्रीचे तीन.

दोन्ही प्रोसेसरांना स्वतःची चार-चार केबी कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली छोटी वेगवान मेमरी आहे, आणि एकाने मेमरीत काय बदललं ते दुसऱ्याच्या कॅशला कळत नाही. दुसरा नवे बिंदू मेमरीत लिहून मोकळा होतो, पहिला मात्र आपल्याजवळची जुनी प्रतच वाचतो. मी वापरत होतो त्या एम्युलेटरात कॅशची हुबेहूब नक्कल नव्हती, म्हणून तिथे सगळं आलबेल. गेल्या आठवड्यात या शोधापायी अकरा सीडी वाया गेल्या. एक दुरुस्ती, एक सीडी, सात मिनिटं.

पहिला उपाय : पत्त्यातला एक वरचा बिट चढवला की कॅश ओलांडून थेट मेमरी वाचता येते. सगळे बिंदू तसे वाचले. थरथर गेली, पण फ्रेम ५२ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ काही कमावलं नाही, कारण प्रत्येक वाचन आता सावकाश. दुसरा उपाय : दुसऱ्याचं काम संपल्याचा निरोप आला की पहिल्याच्या कॅशमधून फक्त त्या बिंदूंच्या ओळी पुसायच्या आणि मग नेहमीसारखं वाचायचं. ४४ मिलिसेकंद. सेकंदाला २० फ्रेम.

५८ चे ४४, म्हणजे दोन प्रोसेसर लावून वेग १.३ पट. दोघांची मेमरीची वाट एकच, एक चालू असताना दुसरा दारात उभा. सेगाचे यू सुझुकी यांनी १९९५ च्या एका मुलाखतीत म्हटलं होतं की बहुतेकांना दोन प्रोसेसरांतून दीडपटच वेग मिळतो आणि पुरेपूर काढणारे शंभरात एखादे असतात. मी दीडपटीच्याही खाली, उरलेल्या नव्व्याण्णवांतही शेवटच्या बाकावर.

पण वही बघा. दुसऱ्या प्रोसेसरचे सगळे मिळून १५ तास, आणि त्यातला सव्वा तास नुसता सीडी लिहिण्यात. ज्याच्या नावाने तीस वर्षं ओरड चालली आहे त्याने कठडे कापण्याच्या निम्म्यानेही वेळ खाल्ला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

धुकं. हा गेमचा जीव आहे. वाघजाईच्या वळणापाशी पांढरं भिंताड येतं आणि त्यातून दोन दिवे दिसतात.

प्लेस्टेशनवर अर्धपारदर्शक चौकोन काढले की झालं, सोय आत आहे. सॅटर्नच्या व्हीडीपी-१ मध्येही तशी सोय आहे असं पुस्तिकेत लिहिलंय. वापरून पाहिली. एक तर वेग सहा पट मंद. दुसरं, चौकोन वाकडा असला की तोच ठिपका दोनदा रंगवला जातो, तिथे धुकं दुप्पट दाट, त्यामुळे गोधडीच्या टाक्यांसारख्या रेघा. तिसरं, मागचं आकाश दुसऱ्या चिपने, व्हीडीपी-२ ने काढलेलं. त्याच्याशी हे धुकं मिसळतच नाही.

मग जाळी : एक ठिपका रंगवायचा, एक सोडायचा. त्या काळातल्या सॅटर्न गेमांत ही जाळी जागोजाग दिसते. कॅसलव्हेनियाचा ‘सिम्फनी ऑफ द नाइट’ प्लेस्टेशननंतर १९९८ मध्ये जपानात सॅटर्नवर आला, त्यातही पारदर्शक गोष्टींच्या जागी हीच जाळी होती. आईच्या टीव्हीवर पिवळ्या वायरीने ती विरघळते आणि खरंच धुक्यासारखी दिसते. माझ्या मॉनिटरवर मात्र मच्छरदाणी.

तिसरा मार्ग चहा पिताना सुचला. व्हीडीपी-२ ला अख्खा थर अर्धपारदर्शक करून वर पसरता येतो, आणि तेही फुकटात. धुक्याचा एक थर सगळ्यावर टाकला आणि हळू सरकवला. अप्रतिम! प्लेस्टेशनवर माझं धुकं इतकं मऊ कधीच दिसलं नव्हतं. अडचण एवढीच की ते बसच्याही पुढे आलं, जणू काचेवर वाफ. बस वर उचलायची तर तिच्या ठिपक्यांना वेगळा प्राधान्यक्रम द्यावा लागतो, आणि तो थेट रंगाच्या ठिपक्यांना देता येत नाही, रंगतक्त्यातल्या, म्हणजे रंगाऐवजी तक्त्यातला क्रमांक धरणाऱ्या ठिपक्यांनाच देता येतो. म्हणून बस तेवढी रंगतक्त्यावर नेली. त्यात तिच्या अंगावरची छायेची उतरण गेली, ती चित्रातच रंगवून टाकली. अजून सहा तास चित्रांच्या रकान्यात.

त्याच झटक्यात दरीतली नदीही त्या चिपवर दिली. चिपला एक सपाट पृष्ठभाग फिरवून क्षितिजापर्यंत पसरता येतो. पँझर ड्रॅगून या सॅटर्न गेममधलं पाणी तसंच केलेलं आहे. माझे १४० चौकोन वाचले.

हे यंत्र अडाणी नाही. ते आपल्याकडून वेगळा गेम मागतं. आधीच लिहून झालेला गेम घेऊन गेलात की तोंड वेंगाडतं.

२४ ऑगस्ट, रविवार

आवाज. कोणी सावध केलं नव्हतं. दोन्ही यंत्रांत आवाजाची मेमरी ५१२ केबी, म्हणून मी निर्धास्त होतो. प्लेस्टेशन आवाज दाबून साठवतं आणि वाजवताना चिपच उलगडते, २८ नमुने (सॅम्पल) १६ बाइटांत, म्हणजे साध्या १६ बिटांच्या साडेतीन पट कमी. सॅटर्नच्या चिपला उलगडणं येत नाही. माझे हॉर्न, इंजिन, ब्रेकचं किंचाळणं, पाऊस मिळून ३९० केबी होते, ते उलगडल्यावर तेराशेच्या पुढे. ८ बिटांवर आणले, तरी बसेनात. नमुन्यांचा दर निम्म्यावर आणला. हॉर्न आता थोडा सर्दी झाल्यासारखा वाजतो. पावसाचं काहीच बिघडलं नाही, पाऊस कुठल्याही दराने पाऊसच. संगीत सीडीवरच्या ऑडिओ ट्रॅकचं, ते दोन्हीकडे तसंच. १३ तास.

गणपतीत काम बंद. घरी दहा दिवसांचा असतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सॅटर्नची बिल्ड, म्हणजे चालवायला तयार प्रत, पुरी. दोन ओळखीच्या लोकांनी त्यांच्या यंत्रांवर चालवून पाहिली. एकाकडे टप्पा बदलताना अडकली, दोष माझा होता, सीडीवरून वाचन संपायच्या आत मी मेमरी वापरत होतो.

वही मांडली. एकूण १४१ तास. अंदाज ६० चा होता. कोड ३८, म्हणजे अंदाजाला अगदी धरून. चित्रं-मॉडेल ७१. यंत्राची हमाली १९, त्यात तो जळका दिवस आणि ४३ सीडी. आवाज १३.

सहकाऱ्याला आकडे दाखवले. तो म्हणाला, “म्हणजे हार्डवेअरमुळेच की!” हो, वेळ हार्डवेअरमुळेच गेला. पण तो वेळ कोडवाल्याचा कमी आणि चित्रवाल्याचा जास्त. आणि तो द्यायचा की नाही हे यंत्र ठरवत नाही. टूम्ब रेडर हा गेम बघ. ऑक्टोबर १९९६ मध्ये युरोपात तो आधी सॅटर्नवर आला, मग प्लेस्टेशनवर. चौकोनांचं दुखणं त्यांचं निस्तरून झालं होतं. तरी दुसरा भाग सॅटर्नवर आला नाही, आणि सोनीने करार करून तो कन्सोलांपुरता स्वतःकडे बांधून घेतला. नाहीतर प्लेस्टेशन २ घे. त्याचीही रचना किचकट, चित्रांची मेमरी जेमतेम चार एमबी, सुरुवातीला लोकांनी कपाळाला हात लावला होता. पण पंधरा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. कपाळाला लावलेला हात खाली घेऊन सगळे कामाला लागले.

“मग तू सॅटर्नचे १४१ तास कोणाच्या खिशातून दिलेस?” त्याने विचारलं. रविवारच्या, म्हटलं.

२८ सप्टेंबर, रविवार

निन्टेंडो ६४. ‘लिबड्रॅगन’ ही तयार कोडची लायब्ररी वापरून. हे अवघड जाईल म्हणून कंबर कसली होती.

पहिला धक्का सुखाचा. याचा प्रोसेसरही मोठा बाइट आधी ठेवतो, म्हणजे सॅटर्नच्या फायली तशाच चालल्या. दुसरा त्याहून सुखाचा. या यंत्राची टेक्स्चरची जागा फक्त चार केबी, त्यात रंगतक्ता वापरला की चित्राला दोनच उरतात. १६ रंगांचं ६४ बाय ६४ चं चित्र नेमकं तेवढ्यात बसतं. प्लेस्टेशनचं २५६ चं पान घेऊन आलो असतो तर जुलै महिना पुन्हा भोगावा लागला असता. सॅटर्नसाठी सगळे तुकडे आधीच कापलेले होते, मोठे असे फक्त सात निघाले. चित्रांचं काम नऊ तासांत उरकलं. नदी परत चौकोनांची करावी लागली, कारण ती व्हीडीपी-२ ची कमाल इथे नाही. धुकं मात्र चिपमध्येच आहे, खोलीनुसार आपोआप दाट होतं, बसची भानगडच नाही. तीन ओळी.

५ ऑक्टोबर, रविवार

आडवं आलं ते संगीत. पाच ट्रॅक, मिळून पंधरा मिनिटं, सीडीच्या दर्जात दीडशे एमबी. इथे सीडी नाही. या यंत्राच्या बाजारात आलेल्या सगळ्यात मोठ्या काडतुसा ६४ एमबीच्या होत्या, आणि तेवढ्या मोठ्या फार थोड्या गेमांना मिळाल्या. स्क्वेअर या जपानी कंपनीने फायनल फँटसी ७ हा गेम निन्टेंडोकडून प्लेस्टेशनकडे नेला, १९९७ मध्ये तीन सीडींवर, त्याचं मोठं कारण हेच. उलट एंजेल स्टुडिओज या कंपनीने १९९९ मध्ये रेसिडेंट ईव्हिल २ या गेमच्या दोन सीडी, चित्रफितींसकट, अशा एका ६४ एमबीच्या काडतुसात कोंबल्या. कसं केलं असेल ते आज थोडं कळतंय.

मी स्वतःला १६ एमबीची मर्यादा घातली. स्टीरिओचं मोनो केलं, नमुन्यांचा दर सेकंदाला २२ हजारांवर, मग दाबलं. साडेपाच एमबी. सनईच्या तुकड्यात खरखर येते, तो अजून दोनदा करून पाहिला. आवाजाचे १४ तास. कोडचे २१, हमालीचे फक्त दोन, कारण फ्लॅश काडतुसात यूएसबीने बिल्ड टाकता येते आणि सीडी लिहावी लागत नाही. एकूण ४६.

हा क्रम उलटा झाला असता, आधी निन्टेंडो आणि मग सॅटर्न, तर चित्रांचे तास निन्टेंडोच्या खात्यात पडले असते आणि मी आज त्याच्या नावाने खडे फोडत असतो. एका यंत्राची अडचण दुसऱ्या यंत्राच्या वहीत किती जाते, ते कोणाच्या मागून आलात त्यावर आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

तिन्ही बिल्ड आणि फायली तयार करणाऱ्या स्क्रिप्टा एकत्र ठेवल्या. कापलेले तुकडे वेगळ्या फोल्डरात आहेत, दुसऱ्या कोणाला घाटाचा रस्ता हवा असेल तर तिथूनच सुरुवात करा, २५६ चं पान उघडूसुद्धा नका.

राहिलेलं : सॅटर्नवर मुसळधार पावसाच्या टप्प्यात वेग अजून १५ फ्रेमवर घसरतो, ट्रक आणि बस एकाच वळणावर आले की. पावसाच्या रेघा व्हीडीपी-२ च्या थरावर नेल्या तर सुटेल असं वाटतं, पण तो थर धुक्याने अडवलाय. दिवाळीच्या सुट्टीत बघतो. आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागलाय, त्याचे स्क्रू आवळायचे आहेत.